राजाची सनद लागते का? पॅट्रिक हेन्रीच्या एका वकिली अभिप्रायाची गोष्ट

पॅट्रिक हेन्री हा अमेरिकन स्वातंत्र्यलढ्यातला व्हर्जिनियाचा पुढारी. त्याचं नाव बहुतेकांनी ऐकलेलं असतं ते एका वाक्यामुळे: मला स्वातंत्र्य द्या, नाहीतर मरण द्या. २३ मार्च १७७५ रोजी रिचमंडच्या सेंट जॉन्स चर्चमध्ये केलेल्या त्या भाषणाची लेखी प्रत मात्र कुणाकडेच नाही. ते छापून आलं १८१७ मध्ये, ऐकणाऱ्यांच्या आठवणींवरून जुळवून. याच हेन्रीने भाषणानंतर चार महिन्यांनी, जुलै १७७५ मध्ये, फिलाडेल्फियात एका जमिनीच्या प्रकरणावर मत दिलं, आणि ते रीतसर लेखी, सहीनिशी आहे. पण या कागदाकडे इतिहासाचे अभ्यासक आणि जमीन-कायदा शिकवणारे सोडले तर फारसं कुणी फिरकत नाही.

प्रकरण थोडक्यात असं. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांनी लाखो एकर जमीन काही व्यापाऱ्यांना लिहून दिली होती. इंग्लंडच्या राजाने त्यावर सनद दिलेली नव्हती. मग व्यापारी मालक झाले की नाही? हेन्रीचं मत पडलं, झाले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाचं उत्तर दिलं ते अट्ठेचाळीस वर्षांनी, दुसऱ्याच जमिनीच्या खटल्यात, आणि ते नेमकं उलट होतं.

निकाल नव्हे, अभिप्राय

आधी हा कागद कोणत्या प्रकारचा ते पाहू. त्या काळच्या इंग्रजी वकिलीत ‘केस’ मांडून मत घेण्याची पद्धत होती. पक्षकाराच्या बाजूने एका कागदावर हकीकत लिहिली जायची: कुणी, कधी, कुणाला, काय लिहून दिलं. सोबत दस्तांच्या नकला आणि शेवटी नेमके प्रश्न. हा कागद बड्या वकिलाकडे जायचा, आणि तो त्याखाली लिहायचा, ‘माझं मत असं आहे की...’ मग सही, तारीख, ठिकाण. समोरचा पक्ष हजर नसायचा. साक्षीदार नाहीत, उलटतपासणी नाही. पक्षकाराने सांगितलेली हकीकत खरी धरूनच उत्तर द्यायचं. आपल्याकडे घरासाठी कर्ज देण्याआधी बँक वकिलाकडून सर्च रिपोर्ट मागते, तो याच कुळातला. त्या रिपोर्टने मालकी सिद्ध होत नाही, पण तो नसेल तर पुढचा माणूस खिशात हात घालत नाही.

त्यामुळे असा अभिप्राय वाचताना उत्तराआधी वरचा प्रश्न वाचावा लागतो. कुणी विचारला, काय सांगून विचारला, काय सांगायचं टाळलं. या गोष्टीत हे पुन्हा पुन्हा करावं लागणार आहे, कारण यातल्या एका अभिप्रायावरचा प्रश्न चक्क कापून टाकण्यात आला होता. त्याकडे पुढे येऊ.

देणारे एक, राहणारे दुसरे

१७६३ मध्ये ओहायो नदीच्या परिसरातल्या आणि पंचमहासरोवरांभोवतालच्या मूळ जमातींनी ब्रिटिशांविरुद्ध उठाव केला. ओटावा जमातीचा पुढारी पोंटिअक याच्या नावाने तो ओळखला जातो. त्यात पेनसिल्व्हेनियाच्या अनेक व्यापाऱ्यांचा माल लुटला गेला. नुकसानीचा आकडा त्यांनी मांडला तो न्यूयॉर्कच्या चलनात सुमारे ८५,९१६ पौंड. लंडनहून भरपाई मिळेना, तेव्हा त्यांनी दुसरा मार्ग धरला: पैसे नाहीत तर जमीन घेऊ. सॅम्युएल व्हार्टन हा फिलाडेल्फियाचा व्यापारी आणि विल्यम ट्रेंट हा सीमाभागातला जुना माणूस, हे दोघे यात पुढे होते.

संधी आली १७६८ च्या शरद ऋतूत. न्यूयॉर्क वसाहतीतल्या फोर्ट स्टॅनविक्स इथे राजाचा प्रतिनिधी सर विल्यम जॉन्सन याने मोठी सभा बोलावली. मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कायुगा, सेनेका आणि टस्करोरा या सहा राष्ट्रांच्या संघासह तीन हजारांच्या आसपास माणसं तिथे जमली. ३ नोव्हेंबरला या सहा राष्ट्रांनी ट्रेंटच्या नावे एक दस्त करून दिला. ट्रेंट एकटा मालक नव्हता. नुकसान सोसलेल्या सगळ्या व्यापाऱ्यांचा तो मुखत्यार होता. लिटल कनावा, ओहायो आणि मोनोंगहेला या नद्या आणि पेनसिल्व्हेनियाची दक्षिण सीमा यांमधला तो पट्टा. त्याला ‘इंडियाना’ असं नाव पडलं. आजचं इंडियाना राज्य ते हे नव्हे. हा पट्टा आज वेस्ट व्हर्जिनियात येतो. दोनच दिवसांनी, ५ नोव्हेंबरला, त्याच ठिकाणी राजाबरोबरचा मुख्य करार झाला आणि त्यात कितीतरी मोठा प्रदेश ब्रिटिश राजाला मिळाला.

दस्त लिहून देणारी सहा राष्ट्रं राहत होती न्यूयॉर्कच्या बाजूला. दिलेल्या जमिनीवर आणि तिच्या आसपास राहणाऱ्या, शिकार करणाऱ्या जमाती होत्या शॉनी, डेलावेअर, मिंगो. सहा राष्ट्रांचं म्हणणं असं की हा मुलूख आमच्या पूर्वजांनी जिंकलेला आहे, तेव्हा द्यायचा हक्क आमचा. शॉनींना हे मान्य नव्हतं. सहा वर्षांनी, १० ऑक्टोबर १७७४ रोजी, पॉइंट प्लेझंट इथे व्हर्जिनियाच्या फौजेशी त्यांची लढाई झाली, तिच्या मुळाशी हाच करार होता. म्हणजे खरेदीखतात देणाराचं नाव होतं, घेणाराचं होतं, पण कब्जा असलेल्याचं नव्हतं. जमिनीचा व्यवहार पाहिलेला कुणीही माणूस इथे थबकेल. वकिलापुढे मांडलेल्या प्रकरणात मात्र सहा राष्ट्रं हीच मालक, हे गृहीतच धरलेलं होतं.

राज्य कुणाचं आणि जमीन कुणाची

आता कायद्याचा पेच. तो समजायला दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. एक, एखाद्या प्रदेशावर राज्य कुणाचं: कायदे कोण करणार, कर कोण घेणार, न्याय कोण देणार. दुसरी, तिथल्या अमुक एका शेताची मालकी कुणाची. पुण्यात राज्य पेशव्यांचं असो, कंपनीचं असो की भारत सरकारचं, वाड्याची मालकी वेगळ्या कागदावर चालते. इंग्रजी कायद्यात मात्र या दोन गोष्टी मुळाशी बांधलेल्या आहेत. तिथला जुना सिद्धांत असा की राज्यातली सगळी जमीन शेवटी राजाची, आणि ज्याच्याकडे आहे तो राजाकडून धरून आहे. त्यामुळे कुठल्याही मालकीचा माग काढत गेलं की शेवटी राजाची सनद लागली पाहिजे.

वसाहतींमध्ये हा सिद्धांत तसाच लागू करायचा का? तिथे राजाच्या आधीपासून माणसं राहत होती. त्यांची मालकी राजाकडून आलेली नव्हती.

राजाने यावर आपल्यापुरतं उत्तर देऊन टाकलं होतं. ७ ऑक्टोबर १७६३ च्या जाहीरनाम्यात तिसऱ्या जॉर्जने अॅपलाचियन डोंगरांच्या पलीकडे वसाहत करायला मनाई केली आणि खासगी माणसाने मूळ रहिवाशांकडून जमीन विकत घ्यायची नाही असंही बजावलं. घ्यायचीच असेल तर राजाच्या नावे, जाहीर सभेत. कारण जाहीरनाम्यातच दिलं आहे: अशा खरेद्यांत फसवणूक फार झाली आणि त्यामुळे जमाती नाराज झाल्या. न दिलेलं कारण असं की सीमेवरच्या प्रत्येक भांडणासाठी सैन्य पाठवणं लंडनला परवडेना.

वसाहतींतल्या बड्या लोकांनी ही मनाई फार मनावर घेतली नाही. खुद्द जॉर्ज वॉशिंग्टनने १७६७ मध्ये आपल्या ओळखीच्या मोजणीदाराला लिहिलं की हा जाहीरनामा मूळ रहिवाशांना शांत करण्यासाठी केलेली तात्पुरती सोय आहे, असंच मी समजतो. आणि त्याला चांगल्या जमिनी हेरून ठेवायला सांगितलं. गुपचूप, अर्थातच.

प्रश्न लंडनमध्ये तयार झाला

१७६९ मध्ये व्हार्टन आणि ट्रेंट लंडनला गेले. बेत होता राजाकडून इंडियानाच्या दस्तावर मान्यता घ्यायचा. तिथे गेल्यावर बेत फुगला. थॉमस वॉलपोल या बँकरला पुढे करून एक मोठी कंपनी उभी राहिली. दोन कोटी एकर मागायचे, एक नवी वसाहतच स्थापन करायची. तिचं नाव व्हँडेलिया. फोर्ट स्टॅनविक्सच्या करारासाठी राजाला जेवढा खर्च आला होता तेवढाच, १०,४६० पौंड आणि वर काही शिलिंग, द्यायची त्यांची तयारी. वसाहतमंत्री लॉर्ड हिल्सबरोने विरोध केला, १७७२ मध्ये त्यालाच पायउतार व्हावं लागलं, तरी सनदेवर शिक्कामोर्तब होईना. १७७५ उजाडलं तोवर बॉस्टनमध्ये ब्रिटिश सैन्य होतं आणि अमेरिकेत जमिनी वाटण्यात लंडनला रस उरला नव्हता.

मग प्रश्नच बदलला. ‘राजा सनद देईल का’ हा प्रश्न सहा वर्षं विचारून झाला होता. आता विचारलं गेलं, ‘सनद लागतेच कशाला?’

मार्च १७७५ मध्ये हेन्री डॅग या लंडनच्या वकिलाने अभिप्राय दिला की ट्रेंटला मिळालेला दस्त कायद्याने पक्का आहे. सार्जंट (ही तेव्हाच्या ज्येष्ठ वकिलांची पदवी) जॉन ग्लिन याने त्याला दुजोरा दिला. हा ग्लिन म्हणजे मंत्रिमंडळाशी भांडणाऱ्या जॉन विल्क्सचा गाजलेला वकील. डॅगबद्दल एक गोष्ट सांगायला हवी: तो स्वतः वॉलपोलच्या कंपनीत भागीदार होता.

या बाजूचा युक्तिवाद आजही वाचताना खोटा वाटत नाही. तो असा. सहा राष्ट्रं स्वतंत्र आहेत. राजा त्यांच्याशी करार करतो, त्यांना भेटी देतो, त्यांच्याकडून जमीन विकत घेतो. जी वस्तू आधीच आपली आहे ती कुणी विकत घेत नाही. तेव्हा जमीन त्यांची होती हे राजाने वागण्यातून कबूल केलं आहे. मालक आपली जमीन कुणालाही देऊ शकतो. फोर्ट स्टॅनविक्सला तर राजाचा प्रतिनिधी समोर बसलेला होता, चोरून काही झालं नाही. आणि राजाचा जाहीरनामा राजाच्या प्रजेला बांधील, सहा राष्ट्रं राजाची प्रजा नव्हेत. राजाला मिळतं ते राज्य. जमीन मिळते ती खरेदीदाराला.

मूळ रहिवाशांच्या हक्काची एवढी स्वच्छ मांडणी त्या काळात क्वचितच कुणी केली असेल. ती करणारे होते त्यांची जमीन स्वस्तात मिळवू पाहणारे सट्टेबाज. या सगळ्या प्रकरणातली ही गाठ मला सर्वांत रोचक वाटते. जमातींना पूर्ण मालक मानण्यात कंपनीचा फायदा होता, कारण विकणाऱ्याची मालकी जितकी भक्कम, तितकी घेणाऱ्याचीही. उलट जमातींना कमी हक्क देण्यात सरकारचा फायदा होता, कारण मग विकत घेणारं गिऱ्हाईक एकच उरतं.

फिलाडेल्फियातल्या दोन सह्या

लंडनचा अभिप्राय अमेरिकेत आला तेव्हा फिलाडेल्फियात दुसरी काँटिनेंटल काँग्रेस, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींची सभा, भरलेली होती. लेक्सिंग्टन आणि बंकर हिल इथे रक्त सांडून झालं होतं, तरी ५ जुलैला काँग्रेसने राजाकडे समेटाचा अर्ज मंजूर केला होता. राजाशी नातं तुटलंही नव्हतं आणि उरलंही नव्हतं. सनदेची गरज नाही असं सांगणारा कागद फिरवायला याहून सोयीची वेळ नव्हती.

जुलैमध्ये बेंजामिन फ्रँकलिनने त्या अभिप्रायाशी आपण सहमत असल्याचं लिहून दिलं. फ्रँकलिन वकील नव्हता, आणि व्हँडेलिया कंपनीत त्याचाही भाग होता. त्याच्या सहीला कायद्याच्या दृष्टीने काडीचं वजन नाही. पण भाग विकायचे असतील तर तिच्याएवढं वजन दुसऱ्या कुठल्याच सहीला नव्हतं.

दुसरी सही पॅट्रिक हेन्रीची, आणि तो मात्र खरा वकील. हॅनोवर काउंटीतला, दुकानदारी आणि शेती दोन्हींत हात पोळलेला, १७६० मध्ये थोड्याशा अभ्यासावर परवाना मिळवलेला. पुस्तकी कायद्यात तो कच्चा, अशी त्याची ख्याती होती. ज्युरीपुढे बोलण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. तो व्हर्जिनियाचा प्रतिनिधी, आणि वादातली जमीन व्हर्जिनिया आपली म्हणत होती. १६०९ च्या राजसनदेत तिला पश्चिमेला समुद्रापासून समुद्रापर्यंतचा मुलूख लिहून दिलेला होता. म्हणून कंपनीला हेन्रीचीच सही हवी होती. विरुद्ध पक्षातल्या सर्वांत लोकप्रिय माणसाने ‘दस्त पक्का आहे’ म्हटलं, तर अर्धं काम झालं.

हेन्रीने ते का म्हटलं? त्याच्या मनात शिरता येत नाही. पण जमातींकडून थेट जमीन घेण्याची कल्पना त्याला परकी नव्हती. १७७४ मध्ये व्हर्जिनियातल्या काही बड्या लोकांबरोबर त्याने स्वतःच चेरोकींकडून जमीन घेण्याचा विचार केला होता, तो पुढे सोडून दिला. त्या काळी व्हर्जिनियात ज्याच्या अंगात थोडी धमक होती तो पश्चिमेच्या जमिनीत गुंतलेला नसेल असं सहसा होत नसे.

बंगालचा कागद, ओहायोची जमीन

याच सुमारास अमेरिकेत आणखी एक अभिप्राय हातोहात फिरत होता. तो जास्त वजनदार होता, कारण तो खुद्द इंग्लंडच्या अॅटर्नी जनरल आणि सॉलिसिटर जनरल यांचा होता: चार्ल्स प्रॅट, म्हणजे पुढचा लॉर्ड कॅमडेन, आणि चार्ल्स यॉर्क. त्यात म्हटलं होतं की ‘इंडियन’ राजे किंवा सरकारं यांच्याकडून करार करून अथवा दानाने मिळालेल्या प्रदेशांना राजाच्या सनदेची गरज नाही. जमिनीची मालकी त्या दानानेच घेणाऱ्याला मिळते, राजाकडे राहतं ते सार्वभौमत्व.

कंपन्यांना हवं ते सगळं यात होतं. फक्त हा अभिप्राय अमेरिकेबद्दल नव्हता. तो होता आपल्याबद्दल.

१७५७ हे साल प्लासीचं. बंगालमधल्या घडामोडींनंतर ईस्ट इंडिया कंपनीने राजाकडे अर्ज केला होता की मिळालेली लूट आणि मुलूख यावर हक्क कुणाचा ते ठरवून द्या. त्यावर प्रॅट आणि यॉर्क यांनी मत दिलं. मूळ मजकुरात ‘ग्रँड मुघल किंवा इंडियन राजे अथवा सरकारं’ असे शब्द होते, आणि मालकी जाते ती ‘कंपनीकडे’. पुढे दुसरा भागही होता: जो मुलूख लढाईने जिंकला जाईल तो मात्र राजाचाच, त्याला सनद लागेल. अमेरिकेत जी प्रत फिरली तिच्यातून मुघल बादशहा गायब होता. ‘कंपनी’च्या जागी ‘ज्यांना दान मिळालं ते’ असे शब्द आले होते. लढाईचा भाग नव्हताच. इंग्रजीत ‘इंडियन’ म्हणजे हिंदुस्थानातले लोकही आणि अमेरिकेतले मूळ रहिवासीही, त्यामुळे उरलेला मजकूर ओहायोला चपखल बसला.

कात्री कुणी चालवली याचा आरोप ठेवण्यापेक्षा ती चालल्यावर काय झालं ते पाहणं बरं. १७७३ मध्ये विल्यम मरे नावाचा व्यापारी ही प्रत घेऊन इलिनॉयमधल्या कॅसकॅस्कियाला गेला. तिथल्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याला, कॅप्टन ह्यू लॉर्डला, ती दाखवली, आणि ५ जुलैला इलिनॉयच्या जमातींकडून दोन मोठे पट्टे विकत घेतले. १८ ऑक्टोबर १७७५ रोजी याच गोतावळ्यातल्या दुसऱ्या कंपनीने वबॅश नदीकाठच्या पियांकेशॉ जमातीकडून आणखी जमीन घेतली. या दुसऱ्या दस्तात भागीदार म्हणून व्हर्जिनियाचा राजनियुक्त गव्हर्नर लॉर्ड डनमोर याचं नाव आहे. ज्याने जाहीरनामा राबवायचा तोच खरेदीदार.

मुंबई कंपनीकडे आली ती याच्या उलट वाटेने. पोर्तुगीजांकडून लग्नाच्या तहात बेट मिळालं राजाला, आणि राजाने १६६८ मध्ये सनद देऊन ते वर्षाला १० पौंड भाड्याने कंपनीला दिलं. तिथे मालकीचा माग सरळ राजापर्यंत जातो. बंगालमध्ये देणारा मुघल सत्तेचा माणूस. त्याच्यावर इंग्लंडच्या राजाचं राज्य नव्हतंच, म्हणून प्रॅट आणि यॉर्क सनद लागत नाही म्हणाले. मूळ प्रश्न वर ठेवून वाचलं तर अभिप्राय पूर्ण सुसंगत आहे. प्रश्न काढून घेतला की तोच मजकूर जगातल्या कुठल्याही जमिनीला लावता येतो.

मग काय झालं

व्हर्जिनियाने हेन्रीच्या मताला भीक घातली नाही. २९ जून १७७६ रोजी व्हर्जिनियाने आपली घटना मंजूर केली. तिच्यात स्पष्ट लिहिलं की मूळ रहिवाशांकडून जमिनीची खरेदी होईल ती फक्त जनतेच्या वतीने, विधिमंडळाच्या अधिकाराने. त्याच दिवशी नव्या राज्याचा पहिला गव्हर्नर निवडला गेला: पॅट्रिक हेन्री. वर्षभरापूर्वी त्याने दिलेलं मत आणि आता तो ज्या घटनेखाली गव्हर्नर झाला ती घटना, दोन्ही एकमेकांच्या तोंडावर होती. यावर त्याला कुणी अडवल्याचं दिसत नाही. वकिलाचं मत पक्षकाराच्या प्रश्नापुरतं असतं, एवढी समज तेव्हा सगळ्यांनाच असावी.

१७७९ मध्ये जॉर्ज मेसनच्या पुढाकाराने व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने इंडियाना कंपनीचा दावा फेटाळला. जमातींकडून खरेदी करण्याचा हक्क एकट्या राज्याचा, खासगी दस्त रद्दबातल. गंमत बघा, राजाचा १७६३ चा नियमच हा. राजा हाकलला, नियम ठेवला, फक्त नाव बदललं.

कंपनी काँग्रेसकडे गेली. तिथे दाद लागली नाही. नवी राज्यघटना आल्यावर १७९० च्या दशकात तिने सर्वोच्च न्यायालयात थेट व्हर्जिनियावर दावा लावला. एका राज्यावर दुसऱ्या राज्यातल्या नागरिकांनी खटला भरावा, याने सगळीच राज्यं हादरली. जॉर्जियावरच्या १७९३ च्या अशाच एका निकालानंतर, राज्यांवर असे खटले केंद्रीय न्यायालयात चालू नयेत म्हणून, अकरावी घटनादुरुस्ती झाली आणि १७९५ मध्ये पुरेशा राज्यांनी ती मंजूर केली. १७९८ मध्ये हॉलिंग्जवर्थ विरुद्ध व्हर्जिनिया या नावाने हा दावा निकाली निघाला. न्यायालयाने म्हटलं की घटनादुरुस्ती चालू दाव्यांनाही लागू आहे, तेव्हा आम्हाला ऐकायचा अधिकारच नाही. दस्त पक्का होता की कच्चा, या प्रश्नाला कुणी हातही लावला नाही. अमेरिकेतले कायद्याचे विद्यार्थी हा खटला वाचतात तो घटनादुरुस्तीवर राष्ट्राध्यक्षाची सही लागत नाही, एवढ्यासाठी.

प्रश्नाला हात लागला तो इलिनॉय आणि वबॅशच्या जमिनींमुळे. या दोन कंपन्या एक झाल्या होत्या आणि त्यांच्यात वजनदार माणसं होती. एक भागीदार थॉमस जॉन्सन, मेरीलँडचा गव्हर्नर, नंतर सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश. त्याच्या वारसांनी विल्यम मकिंटॉश याच्यावर दावा केला. मकिंटॉशने त्या भागात केंद्र सरकारकडून ११,५६० एकर जमीन घेतली होती. नंतरच्या अभ्यासकांनी नकाशे जुळवून पाहिले तेव्हा दिसलं की दोघांच्या जमिनी एकमेकींवर येतच नव्हत्या. खरं भांडण नव्हतं. निकाल हवा होता, म्हणून दोन्ही बाजूंनी संगनमताने खटला उभा केला होता.

२८ फेब्रुवारी १८२३ रोजी मुख्य न्यायाधीश जॉन मार्शल याने एकमताचा निकाल वाचला. ज्या युरोपीय सत्तेने प्रदेश ‘शोधला’ तिला तो मूळ रहिवाशांकडून घेण्याचा एकाधिकार मिळतो. मूळ रहिवाशांकडे उरतो तो वहिवाटीचा हक्क. ते तिथे राहू शकतात, पण सरकारशिवाय कुणाला विकू शकत नाहीत. मार्शलने हे न्याय्य आहे असा फारसा दावाही केला नाही. विजयाने मिळालेली मालकी विजेत्याची न्यायालयं नाकारू शकत नाहीत, असं त्याने सरळ लिहिलं.

प्रॅट आणि यॉर्क यांचा अभिप्राय त्याच्यापुढे आलाच, तोही कापलेल्या रूपात, मुघलांशिवाय. मार्शलने केलं ते एवढंच की वरचा प्रश्न शोधला. असा अभिप्राय कोणत्या परिस्थितीत, कशाला उद्देशून दिला हे कळल्याशिवाय तो नीट समजला असं म्हणता येत नाही, असं तो म्हणाला. मग त्याने दोन गोष्टी दाखवल्या. मूळ रहिवाशांच्या हक्काच्या बाजूने लिहिलेल्या एका पुस्तिकेतच हा अभिप्राय हिंदुस्थानातल्या खरेद्यांबद्दल असल्याचं छापलं होतं. आणि ‘राजे’, ‘सरकारं’ हे शब्द आपण उत्तर अमेरिकेतल्या जमातींसाठी वापरत नाही. त्यांच्याबाबत आपण सरदार, योद्धे, टोळ्या असं बोलतो. पहिला पुरावा चोख आहे. दुसरा ऐकताना जरा खुपतं. त्यांच्याकडे सरकार नव्हतं असं न्यायालयाला वाटत होतं, की तसा शब्द वापरायचा नाही एवढीच सवय होती?

१८३२ मध्ये जॉर्जियाविरुद्धच्या वूस्टर खटल्यात मार्शलनेच सूर बदलला. शोधाने युरोपीय सत्तांना आपसात फक्त पहिल्या खरेदीचा हक्क मिळतो, आधीपासून राहणाऱ्यांचे हक्क त्याने बुडत नाहीत, असं तिथे म्हटलं आहे. पण १८२३ चा निकाल रद्द झाला नाही. २००५ मध्ये शेरिल शहर विरुद्ध ओनायडा राष्ट्र या खटल्यात न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी निकालपत्राच्या पहिल्याच तळटीपेत शोधाच्या सिद्धांताचा आधार घेतला. हे ओनायडा म्हणजे फोर्ट स्टॅनविक्सला बसलेल्या सहा राष्ट्रांपैकी एक. न्यूयॉर्कमधली आपलीच जुनी जमीन त्यांनी १९९७-९८ मध्ये बाजारभावाने परत विकत घेतली होती, आणि आता ती पुन्हा आमच्या राष्ट्राची झाली, तेव्हा शहराचा कर लागू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. आठ विरुद्ध एक मतांनी न्यायालयाने ते अमान्य केलं. खरेदी वैध होती. मालमत्ता कर मात्र शेरिल शहराला भरायचा.